तिसरी जीप

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तिथल्या कचेऱ्यांना खुर्च्या नव्हत्या, कपाटं नव्हती आणि साहेबांना फिरायला गाड्या नव्हत्या. त्यात दुष्काळ. नव्या साहेबांनी गावोगाव हिंडून विहिरींचे तळ बघायचे, टँकर कुठे धाडायचा ते ठरवायचं, रोजगार हमीची कामं तपासायची, ते काय बैलगाडीतून? म्हणून आमच्या खात्याने नांदेडच्या वर्कशॉपमधल्या तीन जुन्या जीपा लातूरला देऊन टाकल्या. तिन्हींची इंजिनं बसलेली. तिकडे नेऊन ती उतरवायची आणि दुरुस्त करून पुन्हा चढवायची, असा हुकूम निघाला. लेकीला नवा संसार मांडून द्यायचा आणि आहेरात फुटकी भांडी द्यायची, तसला हा प्रकार. पण सरकारी हुकमाला हसायचं नसतं.

त्या पोचवायचं काम माझ्याकडे आलं. मी खात्याचा कायम ड्रायव्हर, ट्रकवर होतो. ट्रकमागे जोडायचा एक सपाट ट्रेलर होता, त्यावर दोन जीपा मावत. तिसरीसाठी दुसरी खेप करायची, असं ठरलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर आज मी हे लिहीत बसलो नसतो.

माझ्याबरोबर जाणार होता वर्कशॉपमधला एक मिस्त्री. मुरुडकडचा, बौद्ध समाजाचा, माझ्याच वयाचा. सात-आठ वर्षं रोजंदारीवर राबत होता. हात इतका तयार की नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं सांगायचा, आणि तोंड इतकं फटकळ की ते दुखणं ड्रायव्हरमुळेच झालंय हेही सांगायचा. जो मिस्त्री या जीपा लातूरला नेऊन चालू करून देईल त्याला नव्या जिल्ह्यात कायम करू, असं लातूरला बदलून चाललेल्या आमच्या साहेबांनी त्याला तोंडी कबूल केलं होतं. गड्याने घरी निरोपही धाडला होता की कोंबड्या विकू नका, मी आता जवळच राहायला येतोय. रोजंदारीचा माणूस कायम होणं म्हणजे काय, ते ज्याच्या घरात झालंय त्यालाच कळतं. त्याची गादीची वळकटी आठ दिवस आधीपासून वर्कशॉपच्या कोपऱ्यात बांधून तयार होती.

आमचं जमायचं. रस्त्यावर आम्ही एका डब्यात जेवायचो. तो "जयभीम" म्हणायचा, मीही मोठ्याने "जयभीम" म्हणायचो. कचेरीच्या आवारात मात्र माझ्या गावाकडचं कुणी उभं असलं की मी नुसती मान हलवायचो. त्याच्या ते लक्षात आलं होतं. एकदा म्हणाला, "दादा, मानेला काय झालं? तेल लावा जरा." मी हसलो, पण आतून चपापलो.

आता बैलांच्या पेंडीचं सांगतो. आमचं गाव रेणापूरजवळ. घरी वडील आणि दावणीला दोन बैल. त्या साली कडबा सोन्याच्या भावाने जात होता आणि तोही मिळत नव्हता. बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या. माझा मेहुणा धर्माबादला अडतीवर होता. त्याने सरकी पेंडीची बारा पोती मिळवली आणि नांदेडपर्यंत पोच केली. पुढे गावी कशी न्यायची? सरकारी गाडीतून घरचा माल नेला तर नोकरी जाते, आणि ट्रक उघडा, नाक्यावर सगळ्यांना दिसणार. ट्रेलरवरच्या जीपांमध्ये पोती ठेवून वर ताडपत्री बांधली तर चार चार मावत होती. आठ झाली. उरली चार. मग मी तिसरी जीपही याच खेपेत न्यायची असं ठरवलं. लोखंडी दांडा लावून ती ट्रेलरच्या मागे ओढायची आणि तिच्यात चार पोती भरायची. साहेबांना सांगितलं, डिझेल वाचेल. साहेब खूश झाले.

मिस्त्री खूश झाला नाही. "दोन येरझाऱ्या करा दादा. घाट हाय मधी. तीन गाड्यांचं वझं अन् वर ही पोती. बैलांपायी मानसं मारून राहिले का?"

"बैल मेले तर काय खायचं आम्ही?" मी उलट खेकसलो. माझा स्वभावच तसा, चूक माझी असली की आवाज चढतो. आणि मग जरा मऊ होऊन म्हणालो, "एकदाच रे. कुणाला कळणार आहे?"

 तो खाली सरकला आणि तिसऱ्या जीपचा शाफ्ट खोलायला लागला. हे जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. गाडी ओढून न्यायची तर इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता शाफ्ट काढून ठेवतात, म्हणजे गिअरबॉक्स खराब होत नाही. त्या जुन्या जीपांचा हातब्रेक चाकांना लागायचा नाही, तो या शाफ्टलाच धरायचा. शाफ्ट काढला की हातब्रेक ओढा नाहीतर गिअर टाका, मागच्या चाकांना पत्ताच नसतो. उरतो एकटा पायाचा ब्रेक. ही गोष्ट मिस्त्रीला ठाऊक होती आणि मलाही. शाफ्ट काढ असं मीच सांगितलं होतं.

सकाळी निघालो. तो मागच्या जीपमध्ये स्टिअरिंग धरून बसला, पाठीशी पोती. दोन्हीकडे शेतं उघडी पडलेली, नुसती ढेकळं. दुपारच्या सुमारास बालाघाटाचा चढ लागला. आमची रीत अशी की चढावर ट्रक थांबला की मागच्याने उडी मारून चाकाला दगड लावायचा. पहिल्या दोन वळणांवर त्याने तसे लावले. रेडिएटर थंड झाला की पुन्हा चालायचं. तिसऱ्या वळणावर रोजगार हमीचं काम चालू होतं. दरीच्या कडेला बायामाणसं खडीच्या ढिगांशी बसून भाकरी खात होती. तिथे ट्रकचा दम तुटायला लागला. गिअर बदलताना एक हिसका बसला आणि दांड्याची पिन तुटली.

मला आरशात दिसलं. जीप मागे जात होती, आधी हळू, मग झपाट्याने. मिस्त्री ब्रेकवर उभाच राहिला होता. रिकामी जीप असती तर थांबली असती, असं मला आजही वाटतं. चार पोत्यांनी ती थांबू दिली नाही. डोंगराच्या बाजूचं दार उघडं होतं, त्याला उडी मारता आली असती. पण मग जीप सरळ त्या भाकरी खाणाऱ्यांवर गेली असती. त्याने मान मागे वळवून स्टिअरिंग फिरवलं आणि जीप डोंगरावर नेऊन आदळली.

मी चाकांना दगड लावून धावत गेलो. जीपची मागची बाजू चेपली होती, दोन पोती फुटली होती. मिस्त्रीच्या कपाळातून रक्त येत होतं आणि डावं मनगट सुजायला लागलं होतं. बाया ओरडत होत्या. एका म्हातारीने पदर फाडून त्याच्या डोक्याला बांधला. तो उठून बसला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे, "दादा, पेंड काढा. साहेब आजच लातूरला येनार हायेत, ह्याच रस्त्यानं."

त्याच्या सांगण्यावरून मजुरांनी बाराही पोती काढून वळणापलीकडच्या, रस्त्याखालच्या मोरीत लपवली. जीपमध्ये सांडलेली पेंड मी भरायला लागलो तर निम्मी पुन्हा सांडत होती. त्यानेच मला बाजूला केलं. एका हाताने, स्वतःच्या रुमालाने त्याने जीपचा तळ पुसून काढला, सीटखालचे, पत्र्याच्या खाचेतले कण नखाने काढले. "एक दाना दिसला तर नोकरी जाईल तुमची," तो म्हणाला. मी त्याला म्हणालो की तुझे उपकार फिटायचे नाहीत. शब्द काय, फुकटच असतात.

तासाभराने साहेबांची गाडी आली. साहेब तापट, पण वाईट माणूस नव्हते. शिक्षण बांधकामाचं, गाडीच्या पोटात काय असतं हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. चेपलेली जीप बघून त्यांचा पारा चढला. कुणाला कितपत लागलंय हे विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "हिच्यात कोण बसलं होतं?"

"मी, साहेब," मिस्त्री म्हणाला.

"मग हातब्रेक का नाही ओढला? झोपला होतास?"

"शाफ्ट काढल्यावर हातब्रेक धरत न्हाई साहेब. पिन तुटली अन्..."

"मला शिकवू नकोस. हातब्रेक म्हणजे हातब्रेक." मग ते माझ्याकडे वळले. "काय हो, हा म्हणतो ते खरं आहे का?"

"हो" एवढंच म्हणायचं होतं. एक अक्षर. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, "हो" म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, रिकाम्या जीपने पिन तुटली कशी? त्याच्या पुढचा प्रश्न, तिन्ही जीपा एकदम आणायची तुम्हाला एवढी घाई का? आणि प्रश्न असेच सरकत सरकत मोरीपर्यंत जाणार.  मी जमिनीकडे बघत म्हणालो, "हातब्रेक ओढला असता तर थांबली असती, साहेब."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा बोलेल. मोरी चाळीस पावलांवर होती. त्याने नुसतं बोट दाखवलं असतं तरी माझा कार्यक्रम आटोपला असता. त्याने तिकडे एकदाही पाहिलं नाही. वाकून त्याने पायातली चप्पल नीट केली, तीही एका हाताने.

पुढचं सगळं कागदावर सरळ झालं. माझा जबाब घेतला, मी सही केली. मिस्त्रीला लातूरला नेलं नाहीच. महिना संपला आणि नांदेडच्या हजेरीपटावरूनही त्याचं नाव गेलं. त्याची वळकटी वर्कशॉपच्या कोपऱ्यात काही दिवस पडून होती, मग कुणीतरी येऊन घेऊन गेलं. मी त्या वेळी मुद्दाम चहाला गेलो होतो.

माझी बदली लातूरला झाली. ती तिसरी जीप दुरुस्त होऊन माझ्याच हाती आली आणि पुढे बरीच वर्षं मी साहेबांना तिच्यातून फिरवलं. मोरीतली पोती मी चार दिवसांनी आणली होती. बैल वाचले. वडील पारावर बसून सगळ्यांना सांगायचे, "पोरानं दुष्काळात दावण राखली." लोक माझं कौतुक करायचे आणि मी ते ऐकून घ्यायचो. ऐकून घ्यायचो, यातच सगळं आलं. बैल मला बघितलं की मान पुढे करायचे आणि मी गोठ्यात जायचं टाळायचो. बायको म्हणायची, जनावरं तुमची वाट बघतात. तिलाही मी कधी काही सांगितलं नाही.

मिस्त्रीने मुरुडला रस्त्याकडेला गॅरेज टाकल्याचं मला लवकरच कळलं होतं. त्या रस्त्याने कितीदा गेलो असेन. गॅरेज जवळ आलं की मी दुसऱ्या बाजूला बघायचो. साहेब मागे बसलेले असत, त्यांना वाटे मी शेतं बघतोय. एकदा जीप नेमकी मुरुडमध्ये बंद पडली, तर मी साहेबांना एसटीत बसवून दिलं आणि लातूरहून दुसरा मेकॅनिक बोलावला. असला माणूस मी.

निवृत्त झाल्यावर मात्र राहवेना. एका सकाळी एसटीने गेलो. काय बोलायचं ते वाटेत मनात दहादा म्हणून घेतलं होतं. तो ट्रॅक्टरखाली होता. बाहेर आला, केस सगळे पांढरे, डावं मनगट वाकडंच राहिलेलं. मला ओळखलं. मी "जयभीम" म्हणालो, आजूबाजूला चार माणसं होती तरी मोठ्याने म्हणालो. त्याने "जयभीम" केलं आणि बसायला एक जुना टायर पुढे ओढला. चहा मागवला.

मी सुरुवात केली. "मिस्त्री, त्या दिवशी हातब्रेकचं मी..."

"ठाव हाय की," तो म्हणाला. "मला काय सांगून राहिले? शाफ्ट मीच काढला हुता."

"मी घाबरलो होतो."

"हाव. म्या बी घाबरलो हुतो." त्याने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "साहेब मला बोलून राहिले तवर म्या आशाच सोडली हुती दादा. म्हनलं, गेली नोकरी. मग त्यांनी माझं सोडलं अन् तुमाला इचारलं." "तुमाला इचारलं तवा माझ्या जिवात जीव आला. म्हनलं, सुटलो आता."

मग ट्रॅक्टरवाल्याने हाक मारली आणि तो पुन्हा कामाला लागला. मी चहा संपवला. माफीचं एक अक्षरही माझ्या तोंडून निघालं नाही.