गुऱ्हाळावर चाललेला माझ्या उदासीचा खटला

माझ्यावर माझ्या बापानं फिर्याद केली. गुन्हा: पोरगा सकाळी उठत नाही.

गंमत म्हणून सांगत नाही. आमच्या भागात त्या दिवसांत इंग्रज सरकारच्या कचेरीची पायरी चढायची नाही, असं ठरलं होतं. कुणी बांध कोरला, कुणाचा बैल दुसऱ्याच्या शाळवाच्या पिकात शिरला, कुणी बायकोला मारलं, की गावातले पाच पंच बसत आणि निकाल देत. ही गोष्ट चांगली होती. ती चांगली आहे हे लोकांना पटवणारी पत्रकं मीच लिहिली होती. दोन-अडीच वर्षं मी दुसरं काही केलंच नाही. उसाच्या फडात बसायचं, शाई लावायची, रूळ फिरवायचा, पत्रकं पिशवीत कोंबायची आणि कृष्णेच्या अल्याड-पल्याड वाटत हिंडायचं. भाषा माझी कडक. 'उठा!' या शब्दाशिवाय माझं एकही पत्रक सुरू होत नसे.

मग इंग्रजांशी चाललेली लढाई संपली, माझ्यावरचं पकड वॉरंट उठलं, मी घरी आलो, आईनं पुरण घातलं, आणि पंधरा दिवसांनी माझं मलाच उठता येईना.

ताप नव्हता, खोकला नव्हता, हातपाय जागेवर होते. डोळे उघडायचे, आढ्याला लागायचे आणि तिथंच राहायचे. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज यायचा, पण तो दुसऱ्याच कुठल्या गावातून येतोय असं वाटायचं. भाकरीचा घास तोंडात फिरत राहायचा. कुणी दारातून हाक मारली तरी छातीत धडधड सुरू व्हायची.

कारण काय, असं जो तो विचारी. कारण ठाऊक असतं तर मी त्याच्याविरुद्ध पत्रक काढलं नसतं का? माझं कुणी मेलं नव्हतं. मला मार बसला नव्हता. माझ्याबरोबरचे दोघं तुरुंगात सडून आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी नांगर धरला. तेव्हा उदास व्हायचा मला काही हक्क नव्हता, आणि हे मला सगळ्या गावापेक्षा जास्त पटलेलं होतं. या दुखण्याची हीच हरामखोरी आहे. ते तुमच्याच तोंडानं तुमच्याविरुद्ध साक्ष देतं.

उपाय मात्र उदंड झाले. सांगलीच्या डॉक्टरनं जीभ बघितली, पोट दाबलं आणि लाल औषधाची बाटली दिली, सकाळ-संध्याकाळ दोन चमचे. त्यानं जीभ लाल झाली. साताऱ्याच्या चुलत्यांनी पत्रातून शंभर सूर्यनमस्कार पाठवले. वाईची मावशी घाटावरचं पाणी तांब्यात घेऊन दोन मोटारी बदलत आली. अर्धं पाणी मोटारीत सांडलं, त्याचा राग तिनं उरलेलं अर्धं माझ्या तोंडावर मारून काढला. शेवटी आमच्या चळवळीचे चिटणीस आले. वयानं माझ्याएवढेच, पण चष्मा लावत म्हणून चिटणीस. माझ्या उशाशी बसून म्हणाले, "कार्यकर्त्याला मन नसतं, काम असतं."

हे वाक्यही माझंच होतं. तिसऱ्या पत्रकातलं.

मग मामा आला, आईचा धाकटा भाऊ. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, बैल बघतात तसं, आणि म्हणाला, "लगीन लावा ह्याचं."

आमच्याकडं हे एकच औषध सगळ्यांवर चालतं. पोरगं मुंबईला पळालं, लगीन लावा. पलटणीतून आलं आणि झोपेत ओरडतंय, लगीन लावा. पोरगं सुधारलं? मग तर लावाच. आणि पोरगी शोधायची गरज नव्हती. मामाची पोरगी होती, म्हणजे ती जन्मापासून आमचीच, असं सगळ्यांनी धरलेलं. तिला कुणी विचारलेलं नव्हतं.

लग्न म्हटलं की एरवी खर्चाचं निमित्त करून दोन वर्षं ढकलता येतं. पण ती वाट मीच बुजवली होती. एक हार, एक नारळ, एक दुपार, यात लग्न उरका, असं पत्रक मी घरोघर वाटलं होतं. आठवड्यानं येणारा रविवार ठरला.

मी नाही म्हणालो.

"का न्हाई?" आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, विचारलं.

"आबा, तिचं वाटोळं हुईल."

"मग ऊठ की! उठलास तर न्हाई हुयाचं!"

यावर मी भिंतीकडं तोंड केलं. आबांनी पायात पायताण घातलं आणि तडक पंचांकडं गेले. मागणी अशी: पोरानं एक तर रोज पहाटे उठावं, नाही तर रविवारी बोहल्यावर उभं राहावं. दोन्हीपैकी एकाचा पंचांनी हुकूम करावा.

गुऱ्हाळाचे दिवस होते. चार माणसं गुऱ्हाळावर जमली तर कुणी विचारत नाही, म्हणून लपूनछपून काम चालायचं तेव्हापासून पंच तिथंच बसत. तर शुक्रवारी दुपारी, चुलाणावर रसाची मोठी काहील रटरटतेय, सगळीकडं गोड वाफ, पंचांच्या हातांत उसाच्या रसाचे लोटे, मिशांना फेस, अशा थाटात माझ्या उदासीचा खटला उभा राहिला. मुख्य पंच पेन्शनीतले सुभेदार होते. पहिल्या महायुद्धात कुठल्या कुठं जाऊन आलेले. चिटणीस चिपाडाच्या भाऱ्यावर वही घेऊन बसले. मी अंगावर घोंगडं घेऊन उभा. बायका पलीकडं काकवी न्यायला गाडगी घेऊन बसलेल्या, त्यांत आई होती, मामी होती आणि मामीच्या मागं मामाची ती पोरगी होती.

"फिर्यादी, बोला," सुभेदार म्हणाले.

"पडून ऱ्हातंय," आबा म्हणाले. "जेवत न्हाई, बोलत न्हाई. आवं, हेल्याला टोचणी लावली तर हेला बी उठतोय."

"पुरावा?"

आता पडून राहण्याला पुरावा काय देणार? पण आबांनी कमरेचं धोतर चाचपलं आणि घडी केलेले कागद काढले. आबांना वाचता येत नाही. माझी सगळी पत्रकं त्यांनी ट्रंकेत जपून ठेवली होती, हे मला त्या दिवशी कळलं. त्यातलं एक त्यांनी चिटणिसांच्या हातात दिलं. चिटणिसांनी घसा साफ केला आणि वाचलं, "आळस हा देशद्रोह आहे! झोपलेला तरुण म्हणजे शत्रूचा शिपाई!"

"शाब्बास," एक पंच म्हणाला. "लिव्हणारा कोण?"

"मी," मी म्हणालो.

गुऱ्हाळ हसलं. पलीकडं बैलांमागून चालणारा गडीसुद्धा थांबून हसला.

"मग गड्या, तुजं म्हणणं काय?" सुभेदारांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. बोलायची सवय होती, पाचशे माणसांपुढं बोललेला माणूस मी. तोंडातून आलं, "बंधूंनो आणि भगिनींनो! आज या ठिकाणी जो घोर अन्याय..." आणि तिथं अडकलो. अन्याय कुणाचा? समोर आबा उभे. त्यांनी तर काळजीनं पायताण झिजवलेलं. सगळं आयुष्य दुसऱ्याविरुद्ध लिहिलेलं. स्वतःला काय होतंय हे सांगायला माझ्याकडं एकही ओळ नव्हती.

तेवढ्यात काहिलीपाशी गूळ शिजवणारा गुळव्या ओरडला, "पाक आला! धरा, धरा, लागंल!"

पाक आला की पंच नाही, आरोपी नाही. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो. सगळे उठले. सुभेदारांनी लोटा टाकला, चिटणिसांनी वही काखेत मारली, काहिलीच्या कड्यांत दांडे घातले, चौघं या अंगाला, चौघं त्या. मीही घोंगडं फेकून एका दांड्याला खांदा दिला. कसा दिला, ठाऊक नाही. आठ जणांनी काहील उचलली, गूळ निवायच्या वाफ्यात रिती केली, परत ठेवली.

"बगा!" मामा बोट नाचवत ओरडला. "काहील उचालतंय! ठणठणीत हाय पोरगं! नाटकं हायत सगळी!"

"लिवून घ्या," दुसरा पंच म्हणाला. चिटणिसांनी चिकट बोटांनी लिहून घेतलं: आरोपीने काहील उचलली.

तेव्हा मला राग आला. कित्येक दिवसांनी. आणि रागात जे बोललो ते पहिल्यांदाच पत्रकातलं नव्हतं.

"काहील उचलायला आठ जण असत्यात," मी म्हणालो. "वर गुळव्या ओरडायला असतोय. सकाळी मी एकटाच असतोय."

मग बायकांच्या बाजूनं आवाज आला. ती उभी राहिली होती. मामीनं पदर ओढला, तो तिनं सोडवून घेतला.

"आवं सुभेदार, मी इचारू का?"

"तू कोण?" सुभेदार म्हणाले. त्यांना ठाऊक होतं, पण विचारायची रीत.

"मी औषध," ती म्हणाली. "सांगलीची बाटली संपली, आता मी. दोन चमचे सकाळी, दोन चमचे सांजच्याला. ह्याला लागू पडलं न्हाई तर मला कुठल्या फळीवर ठेवनार, ते बी लिवून घ्या."

गुऱ्हाळ परत हसलं. मामाचं तोंड मात्र चुलाणासारखं झालं. "गप खाली बस, भवाने!"

"बसते. पर एक इचारून बसते." ती माझ्याकडं वळली. लहानपणी आम्ही एका चिंचेवरून भांडलेलो, त्याच आवाजात म्हणाली, "काय हुतंय रं तुला?"

आता हे ऐका. तीन महिन्यांत मला गावानं 'का' विचारलं होतं. 'कशापायी', 'कुणामुळं', 'कुणी काय केलं' विचारलं होतं. 'काय होतंय' हे कुणीही विचारलं नव्हतं. डॉक्टरनंसुद्धा माझ्या जिभेला विचारलं, मला नाही.

"डोळं उघडलं की वाटतं, परत मिटावं," मी म्हणालो. "कशातच जीव लागत न्हाई. मळ्यात एकट्यानं जायाला भ्या वाटतं."

"कुणाचं?"

"माझंच."

आईच्या हातातलं गाडगं खाली आलं. फुटलं नाही, पण कलंडून काकवी मातीत गेली आणि ते उचलायचं कुणाला सुचलं नाही. आबा माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या हातातली पत्रकं हळूहळू चुरगळत चालली होती.

पंच बाजूला जाऊन कुजबुजले. सुभेदारांनी परत येऊन उभ्यानंच निकाल दिला. रविवारचं लग्न रद्द. पोरगी औषध नव्हे, तिला पाहिजे तिथं आणि पाहिजे तेव्हा तिचं लग्न व्हावं. पोराला मळ्यात एकट्याला धाडायचं नाही. रोज सकाळी कुणीतरी जाऊन त्याच्याजवळ बसायचं आणि 'काय हुतंय' एवढंच विचारायचं. उत्तर पुरतं ऐकायचं. जो कुणी ऐकायच्या आत सल्ला देईल, त्यानं उसाची एक मोळी डोक्यावर घेऊन फडातून गुऱ्हाळापर्यंत आणायची.

शेवटचं कलम गुळव्यानं सुचवलं होतं, असा मला संशय आहे.

तुम्हाला सांगतो, त्या हंगामात आमच्या गुऱ्हाळाला बैलगाडीची गरज पडली नाही. माणसं यायची, बसायची, "काय हुतंय?" म्हणायची आणि मी तोंड उघडायच्या आत, "आरं, त्यापेक्षा तू असं कर..." की निघाली मोळी आणायला. चिटणिसांनी चार मोळ्या वाहिल्या, चौथ्या वेळी चष्मा फडात पडला. मामानं नाक मुरडत सहा वाहिल्या. मावशी वाईहून आली, तिला नियम ठाऊक नव्हता, तिच्या वाटची मोळी तिच्या मुलानं वाहिली. सुभेदार मात्र आले, बसले, ऐकलं, आणि मिशी चोळून म्हणाले, "मोठं अवघड हाय," आणि गेले. त्यांच्याइतकं बरं मला कुणाच्या येण्यानं वाटलं नाही.

म्हणून मला संताप येतो, जेव्हा आजही लोक माझ्यापुढं पोरं आणून उभी करतात आणि म्हणतात, तुम्ही लिहिता, याला चार शब्द सांगा. काय सांगू? सांगणाऱ्यांची जत्रा भरलीय त्याच्या उशाशी. तुम्ही आधी त्याला बोलू द्या. आणि पोरा, तूही बोल. नीट वाक्य सापडायची वाट बघू नकोस, मी बघितली आणि तीन महिने घालवले. आणि ज्याच्यापाशी बोलावंसं वाटतं अशा कुणा एकाला तरी सांग, पाच पंचांपर्यंत जायची वेळ येऊ देऊ नकोस. माझं दुखणं एका हिवाळ्यात गेलं असंही नाही. गेलं, पुढच्या पावसाळ्यात परत आलं, पण तोवर मला ते ओळखू येत होतं आणि घरातल्यांनाही.

आबा मात्र पहिले पंधरा दिवस आलेच नाहीत. फिर्यादी म्हणून लाजत असतील. सोळाव्या दिवशी आले, उंबऱ्यावर बसले. त्यांनी पटका काढला, परत बांधला.

"काय हुतंय?"

"वाईटच हाय आबा, आज."

त्यांनी तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. मानेची शीर ताठ झाली. मग उठले आणि गेले. मला वाटलं, रागावले. अर्ध्या तासानं खिडकीतून बघतो तर पासष्टीचा माझा बाप डोक्यावर उसाची मोळी घेऊन गुऱ्हाळाकडं चाललाय, पानं डोळ्यांवर आलेली, त्यामुळं वाट चाचपत. मोळी टाकून घाम पुसत परत आले, उंबऱ्यावर बसले, दम खाल्ला.

"आता बोलतो," म्हणाले. "मोळी टाकून आलोय. वाईच दोन घास जेव की रं."

मी पाट ओढला. आईनं भाकरी वाढली. अर्धी खाल्ली, मग उरलेली अर्धी आबांनी खाल्ली.