सुप्रभाची मजुरी

माझी लेक सुप्रभा तंजावरात पुरणपोळीचे डबे विकते. एकशेसाठ रुपयांना एक, असे रोज चाळीस डबे जात. जावई मुरलीकृष्ण गणिताचे प्राध्यापक. त्यांनी नफ्याचं समीकरण मांडलं, डेरिव्हेटिव्ह शून्य धरलं आणि भाव एकशेचाळीसवर आणला. आता रोज साठ डबे. लेकीचे दोन्ही हात तव्याने भाजलेत.

आज मी हिशेब मागितला. खर्चात डब्यामागे फक्त ऐंशी रुपयांचं सामान होतं.

"आणि हिची मजुरी?"

"घरच्या माणसाला कसली मजुरी, अत्तै?" जावयांनी मला, सासूला, विचारलं.

"मग उद्यापासून तुम्हीच लाटा!"

डब्यामागे चाळीस रुपये मजुरी धरून मी पुन्हा डेरिव्हेटिव्ह काढलं. उत्तर एकशेसाठ आलं. सुप्रभा उठली आणि तिने दारावरच्या पाटीवरचा भाव पुसला.