हेक्टर नको, रॉबिन

अँगस माझा सख्खा भाऊ, म्हणून मी त्याची बाजू घेईन असं कुणाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाका. त्यानं मोरागला, म्हणजे माझ्या वहिनीला, भर चर्चमध्ये फसवलं. ते आठवलं की आजही माझ्या हातातलं भांडं आपटलं जातं.

आमच्या या किनाऱ्यावर पोराला नाव शोधत बसत नाहीत, ते आधीच ठरलेलं असतं. पहिल्याला बापाच्या बापाचं, दुसऱ्याला आईच्या बापाचं, तिसऱ्याला बापाचं. थोरल्याचा सदरा धाकट्याला घालावा तसं. म्हणून मोरागची पोरं झाली नॉर्मन, मर्डो आणि अँगस. तिनं कुठूनसं नावांच्या अर्थाचं एक पुस्तक आणलं होतं. त्यात अँगसचा अर्थ दिलेला, एकमेव. "एकमेव म्हणे! धक्क्यावरून अँगस अशी हाक मारून बघ, अर्ध्या होड्या माघारी फिरतील," ती मला म्हणाली. तिन्ही वेळा ती गप्प बसली, कारण चौथा तिचा होता. चौथ्याचं नाव आईनं ठेवावं, एवढी मोकळीक आमच्याकडे बायकांना आहे.

चौथा पोटात असतानाच तिनं ठरवलं, रॉबिन. त्या हिवाळ्यात तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत रोज लाल छातीचा रॉबिन पक्षी येऊन बसायचा, ती त्याला पावाचा चुरा टाकायची. "आपल्या कबरस्तानात एकही रॉबिन नाही, इशबेल," ती म्हणाली. "माझ्या या पोरावर कुणा मेलेल्याचं ओझं नको."

आमच्या आईच्या कपाळावर आठ्या पडल्या. "पाखराचं नाव? मग पुढच्याला बदक म्हणा." तिला हेक्टर हवा होता. हेक्टर आमचा धाकटा भाऊ. आदल्या वर्षी मासेमारीला गेला आणि बुडाला, सापडलासुद्धा नाही. बुडालेल्याचं नाव घरात पुढे जन्मणाऱ्या मुलाला द्यायचं, अशी आमची रीत. नाव परत आलं की माणूस परत आला, मग रडायचं कशाला, असा आईचा हिशोब. हेक्टर गेला तेव्हापासून तिनं डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं.

अँगसनं बायकोला रॉबिन कबूल केलं आणि आईला हेक्टर. दोन दगडांवर पाय ठेवायला याला कुणी शिकवावं लागलं नाही.

बाप्तिस्म्याला पोर बाप धरतो, नावही बापच सांगतो. पोराच्या आईनं बाकावर बसायचं आणि तोंड मिटून ठेवायचं. पाद्रीबाबांनी विचारलं, "बाळाचं नाव?" अँगस आपल्या बुटांकडे बघत म्हणाला, "हेक्टर."

माझ्या शेजारून मोराग उठली. पाद्रीबाबांचा हात पाण्यात गेला होता, तो तिथंच राहिला. ती सगळ्या गावासमोरून चालत गेली आणि नवऱ्याच्या हातातून पोर काढून घेतलं.

"याचं नाव रॉबिन," ती म्हणाली. "तुला तुझ्या आईला तोंड दाखवायचंय, कळतं मला. पण मला याला दाखवायचंय, जन्मभर."

आणि पोराला घेऊन सरळ दाराबाहेर. दुसऱ्या दिवशी बसनं तालुक्याला जाऊन तिनं सरकारदरबारी रॉबिन लिहून आणलं. गावातल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. अँगसशी मात्र सगळे बोलत होते, त्याची पाठ थोपटत होते. बिच्चारा म्हणे!

आईनं त्या पोराला कधी नावानं हाक मारली नाही. "ए" आणि "अरे", बस्स. पोर शाळेत जायला लागलं तरी तेच.

मग आई आजारी पडली, ती उठेल असं डॉक्टरांनाही वाटत नव्हतं. एका दुपारी तिनं रॉबिनकडे बघून हात पुढे केला. "हेक्टर, ये रे."

रॉबिन मुळात मायाळू. तो गेला आणि तिचा हात धरून म्हणाला, "आलो." अँगसनं दारातून खूण केली, होऊ दे, म्हणू दे. खरं सांगते, मलाही तेच वाटलं. मरणाऱ्या बाईशी काय वाद घालायचा?

मोराग हात पुसत आत आली. "नाही," ती म्हणाली. "आई, हा रॉबिन. तुमचा हेक्टर बुडाला. एवढं पोटचं पोर गेलं, एकदा तरी त्याच्यासाठी रडा."

"काळीज आहे का गं तुला?" आई म्हणाली.

"आहे. म्हणूनच सांगते."

मला मोरागच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण आई हेक्टरचं नाव घेऊन अशी रडली की मलाही आवरेना. माझाही भाऊच होता तो. मीही कुठं रडले होते?

पोर घाबरलं होतं, पण त्यानं तिचा हात सोडला नाही. बऱ्याच वेळानं ती शांत झाली. डोळे पुसून तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"रॉबिन," ती म्हणाली, "पाणी दे रे मला."

अँगस दारातच उभा होता, आपल्या बुटांकडे बघत.