सायम्मा आत्या उठल्याशिवाय

दुसरी माणसं चर्चमधून उपदेश घेऊन घरी जातात, आम्ही नांदेडवाले किस्से घेऊन जातो! निम्मी मंडळी देगलूरकडची तेलुगू, निम्मी आम्ही कंधारकडची मराठी. एका छपराखाली सतरंज्या टाकून भक्तीला बसलो की दर रविवारी काही ना काही होतंच. सगळे सांगायला बसले तर चुलीवरचं करपायचं, म्हणून मोजकेच सांगते.

*

मोजेस सर आमचे दुभाषे. पाळकसाहेब मराठीत एक वाक्य बोलणार, सर त्याचं तेलुगू करणार. एकदा पाळकसाहेब वैतागून म्हणाले, "काही लोक भक्तीला उशिरा येतात." बस, एवढंच! सर मात्र चांगले बोलतच राहिले. तेलुगू बाजूच्या माना एकेक करून खाली जायला लागल्या.

"अहो सर, मी एवढं कुठं बोललो?"

"साहेब, तुम्ही नुसता गुन्हा सांगितला. मी नावं बी सांगितली!"

*

सायम्मा आत्या देगलूरची, आमच्यातली सगळ्यात थोरली बाई. प्रार्थना मराठीत सुरू करते, भरून आलं की तेलुगूत शिरते, आणि मग थांबायचं नाव न्हाई. एकदा पाळकसाहेबांनी मध्येच मोठ्यानं "आमेन" म्हणून पाहिलं. आत्या चालूच. पुन्हा "आमेन!" तेव्हा आत्यानं एक डोळा उघडला.

"अय्यो साहेब, मी त्याच्याशी बोलून राहिले. तुमच्याशी न्हाई!"

*

नाताळच्या जेवणावरून तर मीटिंगमध्ये हमरीतुमरी! तेलुगू मंडळी म्हणाली, चिंचेचा पुलिहोरा भात पाहिजे. आमचे म्हणाले, ज्वारीची भाकरी अन् येसर आमटी. कुणी मागं हटेना, शेवटी दोन्ही केलं. मी स्वतः भाकऱ्या थापून थापून हैराण झाले.

पंगत बसली अन् काय बघते? भाकरीच्या टोपल्यावर सगळे देगलूरवाले, अन् आमचे लोक भातावर तुटून पडलेले! भाकरीसाठी सगळ्यात जास्त भांडलेले आमचे पंच प्रभाकरराव तिसऱ्यांदा पुलिहोरा वाढून घेत होते.

मी म्हणाले, "भाऊ, भाकरी?"

"राहू द्या ताई. पाहुण्यांना पुरू द्या!"

*

याच प्रभाकररावांनी पुढं खुसपट काढलं. दोन भाषांमुळं भक्ती लई लांबते, लोक कंटाळतात. सकाळी आठला तेलुगू, दहाला मराठी, अशा दोन भक्त्या करा. पंच कमिटीनं माना डोलावल्या. हिशेबाला बरोबरच होतं म्हणा. पण शांता काकूचा विचार कुणी केला?

शांता काकू कंधारची, मराठी. कानानं ठार बहिरी. किती वर्षं झाली, सायम्मा आत्याला चिकटून बसते. आत्या उभी राहिली की ही उभी, आत्यानं कोपर मारला की हिचं "आमेन!" आता आत्या आठला येणार अन् ही दहाला.

निर्णय कळला तशी काकू माझ्या दारात आली. "मला आता कोण सांगणार गं, कधी उठायचं? मी घरीच बसते." भांडायला मी कुणाच्या बापाला भीत न्हाई, पण कमिटीत बाईचं ऐकतं कोण?

*

आला पहिला रविवार. आमच्यात एक दस्तूर आहे: आशीर्वाद झाला की आधी सगळ्यात थोरली बाई उठते, मग बाकीचे. तेलुगू भक्ती झाली, आशीर्वाद झाला, अन् सायम्मा आत्या उठलीच न्हाई! मग दुसरं कोण उठणार? सगळे बसून.

दहाला आम्ही मराठीवाले आलो, तर आत पाय ठेवायला जागा न्हाई. सरका, सरका करत मांडीला मांडी लावून बसलो. शांता काकूला मी ओढूनच आणलं होतं. तिला पाहताच आत्यानं पदरानं जागा झटकली अन् शेजारी बसवून घेतलं.

प्रभाकरराव हात जोडून म्हणाले, "आत्या, तुमची भक्ती झाली. उठा की!"

"माझी झाली. हिची व्हायचीय."

पाळकसाहेब एकदा या बाजूला बघतात, एकदा त्या बाजूला.

"मग आत्या, आता कुठल्या भाषेत सुरू करू?"

"करा की कुठल्या बी भाषेत! हिला कुठं ऐकू येतंय?"