मांडवापर्यंत जाणारी गाडी

रेवदंड्याच्या खाडीच्या आतल्या अंगाला खारीतली, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीवरची, गावं आहेत. त्यातल्या एका गावाच्या अगदी टोकाला, बांधाला लागून कृष्णाबाईचं घर. तिची सत्तरी उलटली आहे. गुडघे कुरकुरतात, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण गळा अजून शाबूत आहे.

कृष्णाबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तेव्हा येतो, धवलारीण मात्र आधी लागते. ती मांडवात बसून धवले गाते, देवांना नावं घेऊन बोलावते, आणि बाकीच्या बाया तिची ओळ झेलतात. ती बसल्याशिवाय हळदीला हात लागत नाही. आता हळदीला मोठाले स्पीकर लागतात, सगळा गाव नाचतो, पण स्पीकरवालाही कृष्णाबाईचं गाणं संपेपर्यंत बटणाला हात लावत नाही.

ही विद्या तिला सासूनं दिली. सासू मनुबाई. तेव्हा घरची मिठागरं होती. मनुबाई पुढं मीठ ओढायची, नवी सून मागं. सासू एक ओळ म्हणायची, सुनेनं ती झेलायची. सून चुकली तर मनुबाई ओरडत नसे, पहिल्यापासून सुरू करत असे. उन्हात उभं राहून तेच ते पहिल्यापासून म्हणण्यापेक्षा पाठ करणं सोपं, हे कृष्णाबाईला लवकर कळलं.

धवल्यांबरोबर मनुबाईनं तिला एक नेमही दिला. सगळ्या धवलारणी तो पाळत नाहीत, तो मनुबाईच्याच घरचा. लग्नाची सुपारी, म्हणजे आमंत्रण, घेतली की लग्नाला निघायच्या दिवशी उंबरठ्यावरून थेट वाहनात बसायचं आणि वाहनातून थेट मांडवात उतरायचं. मधल्या परक्या भुईला पाय लावायचा नाही. कारण मनुबाई निघताना घरूनच देवांना हाक घालायची आणि देव तिच्याबरोबर निघायचे. ती मधेच उतरली तर देवही तिथंच उतरणार, मग त्यांना परत गोळा कोण करणार?

खारीतल्या खारीत लग्नं होती तोवर हे जमत गेलं. बैलगाडी दारात येई. पलीकडच्या गावात जायचं तर होडी, आणि ओहोटी असली तर गावचे गडी मनुबाईला हातांच्या पाळण्यात बसवून चिखलातून होडीपर्यंत नेत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. वाटलंच तर मनुबाईच्या वजनाचं. पुढं टेम्पो आला, जीप आली. कृष्णाबाईनं नेम तसाच चालवला.

मग मिठागरं गेली आणि पोरं गाड्यांच्या धंद्यात शिरली. मुलगा दिपेश याचे दोन ट्रेलर बंदरावर चालतात. मुलगी पूनम हिच्या नवऱ्यानं तर इंदूरला ट्रान्सपोर्टचं ऑफिस टाकलं आणि संसार तिकडंच नेला.

काही वर्षांपूर्वी पूनमच्या थोरल्या मुलाचं लग्न इंदूरला झालं. दिपेशनं आईला आपल्या गॅसवरच्या गाडीतून नेलं. नाशिक ओलांडलं आणि गॅस संपला. पंपावर रांग होती. नंबर आला तसं पंपावरच्या माणसानं दार उघडलं आणि सगळ्यांनी खाली उतरा म्हणाला. गॅस भरताना गाडीत माणूस ठेवत नाहीत, तो नियम सगळीकडं आहे. दिपेश त्याच्याशी हुज्जत घालत होता तोवर कृष्णाबाई उतरून बाजूला उभीही राहिली होती.

इंदूरला ती मांडवात बसली, जेवली, नवरा-नवरीच्या डोक्यावर तांदूळ टाकले. गायली नाही. पूनमनं विचारलं तर एवढंच म्हणाली, की देव नाशकाला उतरले. हळद बँजोवर लागली. नंतर पूनम आईशी बरेच दिवस मोजकंच बोलत होती, आणि मोजकं बोलणं हा तिचा स्वभाव नव्हे.

आता पूनमच्या मुलीचं, प्राप्तीचं, लग्न ठरलं. आगऱ्यांत नातीच्या लग्नाला आजी असतेच, आणि इथं आजीच धवलारीण. पूनमनं आईला नाही, भावाला फोन केला.

“आयेला आनशील तर गानारी आन,” ती म्हणाली. “नुसती बसाला येनार असंल तर राहू दे तिला घरी.”

कृष्णाबाई शेजारीच बसली होती. फोन स्पीकरवर होता. ती उठून चुलीकडं गेली. रात्री जेवताना तिनं दिपेशला दोन गोष्टी सांगितल्या. सुपारी घेतली हाय. आणि गारी पंपावर थांबली तर मी घरातून निघनारच न्हाय.

पेट्रोल पंपावर उतरावं लागत नाही, ते फक्त गॅसला, हे दिपेशनं तिला समजावलं. त्याची बायको मनाली हिनंही समजावलं. कृष्णाबाईचं म्हणणं, पंप म्हंजे पंप. एकदा उतरवलं तिथं दुसऱ्यांदा पन उतरवतील. यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

गॅसची गाडी तशीही जुनी झाली होती. दिपेशनं नवी घ्यायचं ठरवलं. घरून निघून एका टाकीत इंदूरच्या मांडवात पोचेल अशी. हे त्याला जमण्यासारखं वाटलं, कारण कुठला ट्रेलर किती डिझेलवर कुठं पोचतो याच हिशेबात त्याचा दिवस जातो. अडचण दुसरीकडं होती. घरासमोरच्या बांधाला पावसाळ्यात खांड पडली होती, म्हणजे बांध फुटून भगदाड झालं होतं. ते दगडमातीनं कसंबसं भरलं होतं. पुनवेच्या उधाणाला खाडीचं पाणी तिथून रस्त्यावर यायचं आणि ओसरताना साबणासारखा गाळ सोडून जायचं. प्राप्तीची हळद नेमकी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी. गाडी त्या गाळात फसली तर आईला घरासमोरच उतरावं लागणार, आणि मग इंदूरला जायचं कारणच उरणार नव्हतं.

म्हणजे गाडीची चारही चाकं ओढणारी हवीत आणि टाकीही लांब पल्ल्याची हवी. दिपेशनं सगळं ऐकवल्यावर पनवेलच्या पहिल्या शोरूममधला मुलगा त्याला दोन गाड्यांपाशी घेऊन गेला. एक पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, लांब जाणारी, पण जोर फक्त पुढच्या चाकांना. दुसरीला चारही चाकांना जोर, पण ती पेट्रोल पिणार आणि धुळ्याच्या पुढं पंप मागणार. दोन्ही एकात नाही का, असं दिपेशनं विचारलं. मुलगा म्हणाला, साहेब, लोक एक तर गाळात जातात, नाहीतर हायवेला.

दुसऱ्या शोरूममध्ये मोठी डिझेल गाडी होती. तिच्यात दोन्ही होतं. कृष्णाबाईला दाखवायला नेलं, पण पायरी एवढी उंच की तिला चढता येईना. विक्रेत्यानं खाली ठेवायला स्टूल आणलं. स्टूल कुठं टेकणार, भुईवरच ना, म्हणून ती परत फिरली. शिवाय एवढ्या उंचीवर बसून मी काय मिरवनूक काढू काय, असंही वाटेत म्हणाली.

तिसऱ्या ठिकाणी जी गाडी मिळाली ती जीपएवढी उंच नव्हती आणि साध्या गाडीएवढी बसकीही नव्हती. पेट्रोल आणि बॅटरी, चारही चाकांना जोर. महाग होती. दिपेशनं तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरवर लाथ मारून पाहिली, जी ट्रकवाल्याची सवय आहे, आणि ट्रायल मागितली. प्रज्योत नावाचा विक्रेता हो म्हणाला. ट्रायल कळंबोलीच्या सर्कलला वळसा घालून नव्हे, रेवदंड्याच्या अलीकडं फुटक्या बांधावर, तीही अमावस्येच्या भरतीनंतर, हे ऐकल्यावर त्यानं मॅनेजरला विचारून येतो म्हणून सांगितलं. मॅनेजरनं परवानगी दिली. गाडी बरेच दिवस विकली जात नव्हती.

अमावस्येला पाणी ओसरल्यावर प्रज्योत गाडी घेऊन आला. कृष्णाबाई उंबरठ्यावर तयार होती. उंबरठ्याला गाडीचं दार लावलं, ती पाय उचलून थेट आत बसली. दिपेशनं गाडी गाळात घातली, ती मागून थोडी सरकली, पुन्हा सावरली आणि पलीकडं निघाली. बाजूला बसलेल्या प्रज्योतचे बूट गाडीच्या आतच होते, तरी त्यानं पाय वर घेतले होते. कृष्णाबाई मागच्या सीटवर डोळे मिटून बारीक आवाजात गुणगुणत होती. मधेच इंजिन बंद झालं आणि गाडी बॅटरीवर गुपचूप चालू लागली, तशी ती थबकली. गाडी बंद पडली असं तिला वाटलं. प्रज्योतनं समजावलं.

“बरं हाय,” ती म्हणाली. “गारी गप ऱ्हाते. मंग माजं ऐकू येल.”

गाडी ठरली. दिपेशनं किमतीत सूट मागितली, ती मिळाली नाही. मनालीनं मात्र पायाखालची मॅट फुकट मिळाल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवलं होतं. प्रज्योत कापडी देत होता. तिला जाड रबरी हवी होती, खारीतल्या चिखलाला कापडी काय कामाची. शेवटी त्यानं रबरी मॅटचा संच दिला. घरी आल्यावर मनालीनं त्यावरचं प्लास्टिक काढू दिलं नाही. आधी लग्न होऊ दे, मग काढू, असं तिनं सांगितलं.

पुनवेच्या दिवशी मध्यरात्रीच्या भरतीचं पाणी पहाटे ओसरलं आणि गाडी उंबरठ्याला लागली. टाकी आदल्या दिवशीच तोंडापर्यंत भरली होती. कृष्णाबाईनं देवांना नमस्कार केला, घरच्या तांदळाची पुरचुंडी कमरेला खोचली आणि आत बसली. तिनं आदल्या दुपारपासून चहा सोडला होता आणि सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. मनालीच्या हे लक्षात आलं होतं. दिपेशच्या आलं नव्हतं. त्याच्या धंद्यात गाडी जिथवर जाते तिथवर माणूस जातो, असंच धरतात.

गाळ पार झाला. पेण गेलं, कसारा घाट चढला, नाशिक आलं. तो गॅसचा पंप आला तसा दिपेशनं मुद्दाम गाडीचा वेग वाढवला. कृष्णाबाईनं खिडकीतून तिकडं पाहिलंही नाही. ती देवांची नावं घेत होती. टाकीचा काटा अजून अर्ध्याच्या वर होता आणि दिपेश दर थोड्या वेळानं तो मनालीला दाखवत होता. मनाली मागं वळून सासूकडं बघत होती.

धुळ्याच्या अलीकडं कृष्णाबाईचं गुणगुणणं थांबलं. तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरले. मनालीनं हळूच विचारलं. ती नाही म्हणाली. थोड्या वेळानं मनालीनं पुन्हा विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता दिपेशला गाडी थांबवायला सांगितलं.

दिपेश म्हणाला, टाकी अजून अर्धी हाय, थांबायचं कारण काय.

“टाकी तुज्या गारीची मोठी हाय,” कृष्णाबाई मागून म्हणाली. “माजी न्हाय.”

दिपेशनं समोर दिसला त्या पंपावर गाडी घेतली. पेट्रोलचा पंप. संडास कडेला, आवारात वीसेक पावलांवर. गाडी त्याच्या दाराशी न्यावी तर मधे टायरवाल्यानं टायरांची चवड रचलेली. दिपेश स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. पूनमचं बोलणं त्याच्या कानात असणार. मनालीनं सासूकडं पाहिलं. कृष्णाबाई खाली, स्वतःच्या पायांकडं बघत होती.

“ही मॅट कोनाची?” तिनं विचारलं.

“गाडीची. आपली,” मनाली म्हणाली.

“गारीचीच ना? मंग पसर.”

मनालीनं पुढच्या-मागच्या सगळ्या मॅट ओढून काढल्या. दिपेशही उतरला. पहिली दाराखाली ठेवली, दुसरी तिच्यापुढं, मग तिसरी. कृष्णाबाई सुनेचा हात धरून पहिलीवर उतरली. ती पुढच्यावर गेली की दिपेश मागची उचलून पुढं आणून ठेवत होता. त्यावरचं प्लास्टिक करकरत होतं. डिझेल भरायला थांबलेले ड्रायव्हर बघत राहिले. त्यातला एक दिपेशच्या ओळखीचा निघाला, बंदरावरचा. त्यानं विचारलं, दिपेशशेठ, म्हातारीची काय पूजा हाय काय? दिपेश ओणव्यानंच म्हणाला, व्हय, आणि पुढची मॅट टाकली. जाताना तशी, आतही एक अंथरून, येतानाही तशी.

गाडीत बसल्यावर कृष्णाबाईनं तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि सगळं प्याली. दिपेशला राहवलं नाही.

“आये, मंग देव?”

“बसलेत ना,” ती म्हणाली. “मी उतरलेच कुठं? गारीवरनं गारीवर गेले.”

मग तेव्हा नाशिकला असं का नाही केलंस, असं मनालीनं विचारलं. कृष्णाबाईनं जरा विचार केला. म्हणाली, तवा दुसऱ्यानं उतर सांगितलं आनि मी उतरले. मना कोनी इचारलंच न्हाय, मी पन इचार केला न्हाय. आणि सेंधव्याचा घाट लागेपर्यंत ती परत गुणगुणू लागली. आता तिनं मोकळेपणानं पाणी घेतलं होतं, त्यामुळं मॅट पुढं आणखी एकदा अंथरावी लागली, त्याची कुणाला तक्रार नव्हती.

संध्याकाळी गाडी पूनमच्या घरामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये, थेट मांडवाच्या खांबापर्यंत गेली. पूनम पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं आधी भावाकडं पाहिलं. दिपेशनं होकाराची मान हलवली. पूनमनं आईचे पाय धुतले. कृष्णाबाई मांडवात उतरली, प्राप्तीला जवळ बसवलं, कमरेची पुरचुंडी सोडली आणि पहिली ओळ घेतली. इंदुरातल्या आगरी बायांना सगळं पाठ नव्हतं. पूनमला होतं. ओळ तिनं झेलली.

लग्नाहून परतल्यावर गावात गाडीची चौकशी झाली. दिपेश ॲव्हरेज सांगतो, चार चाकांचा जोर सांगतो, बांधावरचा गाळ दाखवून कशी निघाली ते सांगतो. कृष्णाबाईलाही बायांनी विचारलं, कशी हाय गो नवी गारी?

कृष्णाबाई म्हणाली, मॅट चांगल्या हायत.