काट्याची फांदी लावलेली घरं

सल्लागार हवा अशी जाहिरात मीच लिहिली. पंचवटीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात, खालच्या भाजीबाजाराचा कालवा ऐकत, ती तीनदा लिहिली आणि तीनदा खोडली. आमची संस्था पेठच्या डोंगरातल्या पाड्यांवर बाळंतिणी आणि लहान मुलांच्या आरोग्याचं काम करायची. त्या कामाला निधी देणाऱ्या मुंबईच्या संस्थेनं कळवलं होतं की पुढच्या तीन वर्षांचा निर्णय घेण्याआधी बाहेरच्या कोणीतरी कामाची पाहणी करावी आणि फेब्रुवारीअखेर अहवाल यावा. बाहेरचा, म्हणजे आमचं मीठ न खाल्लेला. पण तो नेमायचा मात्र आम्हीच. यातली गंमत तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही, माझ्याही नाही.

आमच्या कामाचा जीव कुठं होता, ते आधी सांगायला हवं. पाड्यावरची निम्मी घरं भात कापून झाला की दिवाळीनंतर दिंडोरीकडच्या द्राक्षबागांवर मजुरीला जातात. नवरा, बायको, पोरं, भांडी, कोंबड्या, सगळं घेऊन. होळीला चार दिवस घरी येतात, परत जातात, आणि पाऊस तोंडावर आला की पुढच्या दिवाळीपर्यंत परततात. सगळ्यात हडकुळी मुलं याच घरांतली. आमची पाड्यावरची सेविका सातवी शिकलेली, पस्तिशीची बाई होती, तिला सगळे ताई म्हणत, मीही म्हणत असे. ती दर पंधरा दिवसांनी वजनकाटा पिशवीत घालून एसटीनं बागांवर जायची. कोणतं घर कोणाच्या बागेवर उतरलंय हे तिला तोंडपाठ असायचं. मूल काट्याला टांगायचं, वजन वहीत लिहायचं, घसरलं असेल तर त्याला आणि आईला घेऊन दवाखाना गाठायचा. आमच्या कागदांत या फेऱ्यांना भारदस्त नाव होतं. खरं तर ती एकटी बाई उन्हातून चालत असायची, एवढंच ते होतं.

मुलाखतीला तिघं आली. एकाला आमचं काम काय हेच ठाऊक नव्हतं, तो लगेच बाद झाला. उरले दोघं. एक पुण्याचे, चाळिशीचे, नीट बोलणारे, टॅब्लेटवर माहिती कशी गोळा होते ते दाखवणारे. तीन आठवड्यांत पाहणी आणि त्यापुढच्या आठवड्यात अहवाल, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या नाशिकच्याच एक निवृत्त प्राध्यापिका. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी आमची फाईल उघडलीसुद्धा नाही.

"तुमची माणसं होळीला घरी येतात ना?" त्यांनी विचारलं.

"येतात," मी म्हणाले.

"मग मी होळीच्या आठवड्यात येईन. त्याआधी येऊन काय रिकाम्या भिंतींना प्रश्न विचारू?"

होळी त्या वर्षी मार्चात होती. अहवाल फेब्रुवारीत हवा होता. मी तसं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, तारीख बदलून मागा, कारण सांगितलं तर देतील. मग माझ्याकडे बघून अगदी सहज विचारलं, "तुम्ही स्वतः पाड्यावर किती वेळा मुक्काम केलाय?"

मी आठ वर्षं या कामात होते आणि मुक्काम एकदाही केला नव्हता. संध्याकाळच्या आत जीप नाशिकला परत यायची, हा माझाच नियम होता. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. ती बाई मनातून उतरली ती तिथंच.

संस्थेचे प्रमुख, आम्ही त्यांना सर म्हणत असू, हे निवृत्त डॉक्टर होते आणि मनानं भोळे. दोघं गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुला काय वाटतं?" त्यांना स्वतःला प्राध्यापिका आवडल्या होत्या, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी म्हणाले, पुण्याचे गृहस्थ. वेळेचे पक्के वाटतात. बाईंचा सूर जरा आपलं तेच खरं असा आहे. सर म्हणाले, "बरं, तू म्हणतेस तर." इतक्या थोडक्यात तो निर्णय झाला. तारीख वाढवून मागणारं दोन ओळींचं पत्र मी लिहू शकले असते. लिहिलं नाही, कारण त्या बाईंचं म्हणणं खरं ठरवायला माझा हात तयार नव्हता.

जानेवारीच्या सुरुवातीला पुण्याचे साहेब आले. त्यांच्यासोबत समाजकार्याच्या कॉलेजातल्या चार मुली होत्या. मुली हुशार होत्या, पायांना फोड आले तरी कुरकुर न करणाऱ्या. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर मी मनातल्या मनात सगळा दोष त्यांच्यावर ढकलायचा बराच प्रयत्न केला.

बागांवर जाणारी माणसं घराला कुलूप लावत नाहीत. कुलूप लावण्यासारखं आत काही उरत नाही. कुत्री आणि गुरं शिरू नयेत म्हणून करवंदीची मोठी काटेरी फांदी तोडून दाराला आडवी लावतात आणि वेलानं बांधतात. दोन महिन्यांत तिची पानं गळतात, अंगणात गवत वाळतं, पावसाला घातलेलं प्लॅस्टिक बरोबर नेल्यामुळं छप्पर उघडं पडतं. पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की फांदी लावलेलं घर म्हणजे नांदतं घर, माणसं तेवढी बाहेर आहेत. मुलींच्या टॅब्लेटवर तीन पर्याय होते. घर उघडं, घर कुलूपबंद, घर ओसाड. कुलूपबंद घराकडे तीनदा परत जायचं आणि तरी कोणी भेटलं नाही तर ते कुटुंब स्थलांतरित म्हणून मोजायचं, असा नियम होता. ओसाड घर यादीतून काढायचं आणि शेजारचं घ्यायचं. मुलींनी प्रामाणिकपणे कुलूप शोधलं. ते कुठंच नव्हतं.

पहिल्याच दिवशी दुपारी ताईचा फोन आला. पाड्यावर एका टेकाडावरच रेंज येते, तिथवर ती चढून गेली होती. धाप लागलेली ऐकू येत होती.

"मॅडम, या पोरी फांदीच्या घरांना ओसाड लिवतायत. मी सांगितलं, ही मानसं हायेत, बागेवर हायेत, चला मी नेते तुमाला, उद्या सांजपर्यंत समदी दाखवते. तर म्हनत्यात, आमच्या कामात बाग नाय, पाडाच हाय. तुमी सायेबांना सांगा ना."

"मी बघते," मी म्हणाले.

कामाच्या अटींत फक्त पाडे लिहिले होते. त्या अटीही माझ्याच हातच्या. मी साहेबांना फोन लावायला घेतला आणि ठेवला. आता सांगायचं तर त्यांना बागा शोधत फिरावं लागणार, तारीख हुकणार, आणि मुंबईला कळवताना मी आधी का नाही बोलले हेही निघणार. उद्या करू म्हटलं. उद्याचा परवा झाला. मग अहवालाचा कच्चा मसुदाच आला, वर विनंती, की दहा दिवसांत दुरुस्त्या कळवाव्यात.

तो मी दार लावून वाचला. जवळजवळ सगळ्या मुलांचं वजन ठीक, लसीकरण पूर्ण, बाळंतपणं दवाखान्यात. का नसतील? घरी राहिलेली माणसं म्हणजे ज्यांची भाताची खाचरं मोठी, ज्यांच्या घरात कोणीतरी नोकरीला, ती. पुढं एक वाक्य होतं, की पाड्यांवर काही ओसाड घरं आढळली, मात्र हंगामी स्थलांतर नगण्य आहे. ते वाक्य मी चार-पाच वेळा वाचलं. ते खोटं आहे, हे मला ठाऊक होतं. आणि खरं सांगते, त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटलं. अहवाल चांगला होता. सरांनी मसुदा वाचून विश्वस्तांना फोन करायला सुरुवातही केली होती. मी दुरुस्तीची ईमेल उघडली, "ओसाड घरांबाबत" एवढं लिहिलं, पुसलं, आणि त्याऐवजी लिहिलं, "अहवाल वाचला. आमच्याकडून दुरुस्ती नाही."

मुंबईचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. अभिनंदन होतं. पुढच्या तीन वर्षांचा निधी मंजूर होता, पण दुसऱ्या तालुक्यासाठी. पेठच्या पाड्यांवरचं उद्दिष्ट पूर्ण झालं आहे. स्थलांतर नगण्य असल्यानं बागांवरच्या फेऱ्यांची गरज दिसत नाही, सबब तिथलं काम मार्चअखेर थांबवावं. सरांनी पेढे आणले. एक मलाही दिला, आणि नव्या तालुक्याची प्रमुख तूच, असं सगळ्यांसमोर सांगितलं. मी पेढा खाल्ला.

होळीला मी पाड्यावर गेले, वह्या आणि वजनकाटा परत आणायला. माणसं आदल्या दिवशीच बागांवरून परतली होती. दारांवरच्या फांद्या सोडून एका बाजूला टाकलेल्या होत्या, अंगणं सारवलेली होती. किती दारं ती, ते मी मोजलं नाही. मोजायची भीती वाटली.

ताईच्या ओट्यावर एक बाई दीड वर्षाच्या मुलीला घेऊन बसली होती. ती मुलगी मला माहीत होती. पावसाळ्यात तिचं वजन फारच खाली गेलं होतं आणि ताईनं दोनदा तिला दवाखान्यात नेऊन, बागेवर पाठपुरावा करकरून, ते चढवत आणलं होतं. ताईनं तिला काट्याला टांगलं. मुलगी रडली, हे चांगलं लक्षण, असं ताई म्हणाली. वजन मागच्यापेक्षा किंचित वर होतं. तिनं ते वहीत लिहिलं आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

काम थांबणार हे तिला सरांच्या पत्रावरून कळलं होतं. ती भांडली नाही. फक्त म्हणाली, "मॅडम, पगार नसंल तर नसू दे. मी जमंल तशी जाईन बागेवर. काटा तेवढा ठिवा."

काटा संस्थेच्या सामानाच्या यादीत होता. नव्या तालुक्यात लागणार होता. मी तसं सांगितलं. तिनं तो पुसला, पिशवीत घातला आणि जीपपर्यंत स्वतः आणून दिला.

वैशाखात तिचा फोन आला. ती मुलगी गेली. बागेवरच. तीन दिवस जुलाब, मग ताप. आईला वाटलं दात येताहेत. मालक बाहेरगावी होता, छाटणी संपत आलेली, शेजारी कोणी नाही. ताईला कळलं तेव्हा पुरूनही झालं होतं. ती शांतपणे सांगत होती आणि मी शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाली, "तुमी वजन बघितलं व्हतं ना तिचं, म्हनून सांगितलं."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. कशाला गेले ते अजून मला नीट सांगता येत नाही. मी गेले नसते तरी चाललं असतं, कोणी वाट बघत नव्हतं. पाड्यावर ऊन रणरणत होतं. ती आई मुलीला तिकडेच मातीत ठेवून दोन दिवसांपूर्वी घरी परतली होती आणि ताईच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे बघितलं, ओळखलं, पदर सावरला. मी तिच्याशेजारी बसले.

ताईनं कोरा चहा आणला. तीही खाली बसली. मग तिनं मला विचारलं, आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"मॅडम, एक इचारू? त्या अहवालात फांदीची घरं ओसाड लिवली, ते तुमाला आधी कळलं व्हतं का? मी फोन केला तवा तुमी म्हनलात बघते. मग सायेबांनी ऐकलं नाय का?"

मी साहेबांना फोनच केला नव्हता. मसुदा वाचला होता. दहा दिवस होते. माझ्या हातानं लिहिलं होतं, दुरुस्ती नाही. हे सगळं मला तिथं सांगता आलं असतं. सांगायलाच आले होते, असं मी वाटेत स्वतःला बजावलंही होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "मी बोलले त्यांच्याशी. पण अहवाल परस्परच गेला. मला नंतर कळलं."

ताईनं निःश्वास टाकला. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. इतके दिवस तिला माझ्याबद्दल वाटत असलेली शंका असावी ती. ती त्या आईकडे वळली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बघ, मी म्हनलं नव्हतं का तुला? मॅडमला ठावं नव्हतं. त्यांनी सांगून बघितलं."

त्या आईनं मान डोलावली. मग माझ्यापुढचा चहा तसाच होता, तो तिनं उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घ्या मॅडम, गार व्हईल."