चौथं सड वासराचं

दिंद्रुडच्या दूध सोसायटीचं कुलूप बसम्माअक्का पहाटे पाचला काढायच्या. त्या दुष्काळात म्हशी आटत चालल्या होत्या, पाच कॅन दूध दीडवर आलं होतं. अक्कांची वेळ मात्र हलली नाही. रिकामे कॅन भिंतीशी उभे असत आणि उजाडण्याआधीचा निळसर उजेड त्यांच्यावरून हळूहळू सरकत जाई. आत दुधाचा मंद वास असे. बाहेरची तडकलेली जमीन दुसऱ्याच कुठल्या गावची वाटे.

माझी शिवकन्या तेव्हा दहावीत होती. पूर्वपरीक्षेत गणितात नापास झाली. मी बी.ए. झालेली; अभ्यास म्हणजे बसणं, एवढंच मला ठाऊक. शाळेतून आली की तिला पुस्तकापुढे बसवायची आणि जेवणापुरती उठवायची. ती पानं उलटायची आणि उघड्या डोळ्यांनी झोपायची. बोर्डाची परीक्षा सात आठवड्यांवर आली, तशी एकदा दूध घालताना मी अक्कांपुढे रडलेच.

मापातलं दूध कॅनमध्ये ओतत अक्का म्हणाल्या, "वैनी, म्हैस दिवसभर पिळत बसलं तर दूध देती का?"

"नाही."

"मग लेकरू काहून पिळता? उद्या पाचला धाडा."

अक्का सातवी शिकलेल्या. गणित त्यांना येत नव्हतं. तरी आईबाप ऊसतोडीला गेलेल्या दोन मुली त्यांच्याकडे आधीपासून पोत्यावर बसून अभ्यास करायच्या. शिवकन्या तिसरी. रोज चार गणितं काढायची. तीन सोडवायची, चौथं नुसतं वाचून ठेवायचं. दूध घेऊन पहिलं माणूस दारात आलं की वह्या बंद.

"चौथं का सोडायचं?" मी विचारलं.

"तीन सडं आपली, चौथं वासराचं. समदं काढलं तर उद्या म्हैस जवळ उभी ऱ्हाईल का?"

मला ते पटेना. परीक्षा तोंडावर, आणि गणित अर्धवट ठेवायचं? संध्याकाळी मी शिवकन्येकडून ते चौथं गुपचूप सोडवून घेऊ लागले. आठवडाभरात पोरगी पहाटे उठेना. उठलीच तर पोत्यावर पेंगायची.

अक्कांनी मला दारातच गाठलं. "वासराचं सड कुणी पिळलं?"

"मीच," मी कबूल केलं.

"बी.ए.ला हे शिकवत न्हाईत वाटतं!" पोत्यावरच्या मुली तोंडावर वही धरून हसल्या. शिवकन्यासुद्धा.

मग मी हात आवरला. चौथं गणित तिच्या डोक्यात दिवसभर घोळायचं. टँकरच्या रांगेत उभी असताना ती हवेत बोटानं त्रिकोण काढायची. एकदा झोपेतच म्हणाली, "आई, आलं!" दुसऱ्या दिवशी माझ्याआधी चप्पल घालून उभी.

फेब्रुवारीत उरलेल्या म्हशी चारा छावणीला गेल्या. सोसायटीत थेंबभर दूध येईना. तरी अक्का पाचला दार उघडायच्या आणि तीन मुली कोरड्या कॅनांच्या सावलीत पुटपुटत बसायच्या. रस्त्यावरून जाताना तो आवाज खोल विहिरीतल्या पाण्यासारखा वाटायचा.

गणितात तिला बासष्ट मिळाले. मी पेढे घेऊन धावत गेले. आता अकरावीला विज्ञान घ्यावं की कला, शिकवणी माजलगावला लावावी की बीडला, सगळं एका दमात विचारलं.

अक्कांनी अर्धा पेढा तोंडात टाकला. "पोरगी पास झाली, वैनी. आता तुमी झोपा."